बर्फवाला शालिग्राम सुतार

पिंपळगाव राजा येथे शालिग्राम सुतार कोण, असे विचारल्यास पुष्कळांना सांगता येत नसे. परंतु ‘बर्फवाला लंगडा’ म्हटले की लहान मूलही घर दाखवी. ते माझे थोरले बंधू होते. त्यांनी गावाला बैलगाड्या, वखर, तिफणी आणि पाळणे करून दिले. डोंगरावरचा बर्फ मात्र त्यांनी जन्मात पाहिला नाही. तरीही हे नाव त्यांना कसे चिकटले, हे जाणणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहीत आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमच्या गावच्या मोठ्या जमीनदारांचा खामगावला कापसाचा जिनिंग कारखाना होता. हंगामात आम्ही तिघे, म्हणजे वडील, दादा आणि मी, त्या आवारातच राहत असू. बापलेक लाकूडकाम करीत आणि मी बायांबरोबर कापूस निवडत असे. जमीनदारांचे चिरंजीव रंगराव नागपूरला शिकून आले होते. पेट्रोल मिळेनासे झाल्यामुळे त्यांची मोटर चाके काढून ठोकळ्यांवर ठेवली होती. त्या हिवाळ्यात त्यांनी एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिले. गोरे साहेब पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत होते.

“मोटर नाही तं नाही,” ते मित्रांना म्हणाले, “आगगाडीनं जाऊ. काश्मिरात बर्फावर घसरू अन् येऊ.”

कारखान्याच्या ओसरीवर रेल्वेचे वेळापत्रक पसरले गेले. खामगावहून जलंब, तेथे गाडी बदलून भुसावळ, मग दिल्ली, लाहोर, रावळपिंडी आणि शेवटी घोडे. ही नावे दादा खांबाशी उभे राहून ऐकत. जलंबचे नाव निघाले तेव्हा ते न राहवून बोलले, “मालक, तिथलं पाणी पेऊ नोका. रेल्वेच्या फाटकाच्या कामाले होतो तवा त्या पाण्यात आमची दाळ शिजली नाही. निरा मिठाचा दगड चाटल्यावानी लागते.”

“तू कोठं कोठं फिरला बे शाल्या!” रंगराव हसून म्हणाले. “चाल मंग बर्फावर. एक माणूस न्यावाच लागते. फळ्या मोडल्या तं कोण जोडीन?”

ते सहज बोलले. दादांनी मात्र ते शब्द धरून ठेवले.

फळ्या त्यांनी धावड्याच्या लाकडाच्या केल्या. पुढची टोके हंड्याच्या वाफेवर मऊ करून वर वाकवली, साच्यात बांधून सुकवली, तळाला जवसाचे तेल आणि मेण घासले. मला म्हणाले, “रुखमे, गाडी केली तं ती रस्त्यावर चालतानी दिसते. हे ज्याच्यासाठी केलं त्याच्यावर चालतानी पाह्यलं पाह्यजे. एकदा पाह्यलं की बस.” याहून मोठी इच्छा त्यांनी माझ्यापाशी कधी बोलून दाखवली नाही. नवी घोंगडी घडी करून त्यांनी उशाशी ठेवली.

सराव सरकीवर करायचे ठरले. कापसातून निघालेल्या सरकीचा ढीग पत्र्याच्या छपराला टेकला होता. त्यावर लव असलेले दाणे पायाखालून सरकत. रंगराव वर चढले, फळ्या बांधल्या आणि पहिल्याच उतारावर तोंडघशी पडले. दुसऱ्यांदाही पडले. नंतर त्यांनी दादांना चढवले. दादा गुडघे वाकवून उभे राहिले आणि थेट खालपर्यंत उभेच आले. त्यांना स्वतःलाही नवल वाटले.

“अगं माय! मालकापरीस सुताराचा पाय बरा हाय,” एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली. ते रंगरावांनी ऐकले.

पुढे रोज तसेच घडले. मालक पडत आणि दादा उभे राहत. रंगरावांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. वडिलांच्या ध्यानात हे आले. संध्याकाळी भाकर खाताना ते म्हणाले, “तुले जायाचं हाय का नाही बर्फावर?”

“हाव बाबा.”

“मंग पड.”

“काऊन पडू? फळी पडूच देत नाही.”

“फळीचं सांगू नोको मले. मालक पडते अन् तू उभा राह्यतं. असा माणूस कोण संग नेईन? उद्या त्यायचे दोस्त येऊन राह्यले. सगळ्याइच्या म्होरं पड. माह्या बापानं मले हेच शिकवलं.”

दुसऱ्या दिवशी मित्र आले. दादा ढिगाच्या माथ्यावर उभे राहिले, मध्यापर्यंत नीट आले आणि तेथे त्यांनी आपले अंग मुद्दाम एका कुशीवर टाकले. परंतु पाय फळ्यांना चामड्याने बांधलेले होते. अंग एकीकडे गेले, फळी सरकीत रुतून राहिली. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

सर्वजण खदखदून हसले. रंगराव सर्वांत मोठ्याने हसले. “पडला! सुतारही पडला बे! शाल्या, आता तुले नेतोच!”

दादांचे तोंड सरकीत होते. तशाच अवस्थेत ते म्हणाले, “हाव मालक.”

ते उठेनात, तेव्हा बायांनी त्यांना उचलले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. वडील खाटेशेजारी बसून एवढेच म्हणाले, “पड म्हणलं व्हतं. मोडून घे नव्हतं म्हणलं.”

निघण्याच्या दिवशी रंगराव खाटेपाशी आले. त्यांच्यामागे आचारी भगवान होता.

“तुह्या बदल्यात हा येऊन राह्यला,” रंगराव म्हणाले. “लंगड्याले नेऊन मी काय बर्फावर नाचवू? अन् ते घोंगडं दे याले. तुले घरात कायची थंडी?”

दादांनी उशाशी ठेवलेली घोंगडी काढून दिली. मेण कसे घासायचे, तेही भगवानला समजावून सांगितले.

मंडळी परतली तेव्हा दादांचे हाड वाकडे जुळले होते आणि ते काठीवर चालू लागले होते. ओसरीवर पुन्हा सर्व मित्र जमले. दादांना बोलावणे आले. मी त्यांना धरून नेले.

“मालक, फळ्या कशा चालल्या?” दादांनी विचारले.

“फळ्या?” रंगराव म्हणाले. “लय चांगल्या जळल्या. एक डाव पडलो अन् म्हणलं, मरू दे. थंडी अशी का विचारू नोको. भगवान्यानं शेगडीत घातल्या. तुह्या तेलामेणानं कशा भडकल्या!”

भगवान खाली पाहत होता. बाकीचे हसले.

“पण तुले इसरलो नाही बे. तुह्यासाठी बर्फ आणला.” त्यांनी पाण्याने भरलेली सरबताची एक बाटली पुढे केली. “वाटंत इतळला, त्याले मी काय करू? पे. अन् सांग कसा हाय.”

सर्व मित्र दादांच्या तोंडाकडे पाहू लागले. जलंबच्या पाण्याविषयी दादा याच ओसरीवर बोलले होते आणि तेव्हाही हेच लोक बसलेले होते. दादांनी बाटली तोंडाला लावली. पहिला घोट घेताच त्यांची मान किंचित थांबली, ती मी पाहिली. मग त्यांनी बाटली पूर्ण संपवली.

“गोड हाय, मालक,” ते म्हणाले. “साखरेवानी.”

ओसरी हास्याने दणाणली. एकाने मांडी थोपटून ‘बर्फवाला’ अशी आरोळी दिली, आणि ते नाव आमच्याआधी गावी पोचले.

वडील छपराखाली लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत बसले होते. त्यांनी वर न पाहता विचारले, “काऊन बोलावलं व्हतं?”

“जलंबचं पाणी पाजलं.”

“मंग? तू काय म्हणला?”

“गोड हाय म्हणलो.”

वडिलांनी धार अंगठ्यावर तपासली आणि समाधानाने मान हलवली. “आता शहाणा झाला,” ते म्हणाले.

दादांनी काठी भिंतीला टेकवली, घोटभर पाणी मागून चूळ भरली आणि अर्धवट राहिलेला गाडीच्या चाकाचा आरा तासायला घेतला.