नक्की पुसू का?

मेढ्याच्या बाजारपेठेत माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून शकुंतलाकाकूंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. त्यांचे यजमान अनंतकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि लिनक्सच्या नादी लागले. दुसऱ्या कसल्या नादी लागले असते, तर निदान दुकानाबाहेर तरी राहिले असते.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली. तिच्यावर कुणाची मालकी नाही. कुणीही उघडावी, बदलावी. पत्रिकेचा मजकूर घेऊन ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकालाही काका हे स्वातंत्र्य समजावून सांगत. आणि दर खंडेनवमीला, प्रिंटर, कात्री, कटिंग मशीन पूजेत बसलं की, काकूंच्या संगणकावर नवी आवृत्ती चढवत. संगणकाची खरी पूजा हीच, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी या पूजेनंतर दसऱ्याच्या सकाळी पत्रिकेतल्या निम्म्या अक्षरांचे चौकोन झाले. गिऱ्हाईक तडक साताऱ्याला गेलं. काकू माझ्या दुकानात येऊन रडल्या. मला काकांचा तेव्हा राग आला होता, अजून आहे.

यंदा आमच्या पेठेतल्या जयराजच्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका दसऱ्याला छापून द्यायच्या होत्या. "ह्ये काम बी गेलं तर मी दुकानच बंद करनार," काकू मला म्हणाल्या.

खंडेनवमीला मी प्रसादाला गेलो. काकांनी नवी आवृत्ती भरलेला आपला पेनड्राइव्हही मोठ्या कौतुकाने पूजेत मांडला. "आमचंही हत्यारच की!" काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग काकांनी नव्या आवृत्तीचे गुण सांगितले. "आता लय सोपं झालंय. पायरीपायरीला इचारतं. भाषा कोणची? जुनं ठेवू का? नक्की पुसू का?" आणि पेनड्राइव्हकडे हात नेला.

"आवं, पूजेतलं हत्यार आज उचलत्यात व्हय?" काकू म्हणाल्या.

काकांचा हात तसाच राहिला.

"ते यंतर एवढं इचारतंय. तुमी मला कवा इचारलंत?"

काकांनी हात मागे घेतला. दसऱ्याला पत्रिका छापून झाल्या, एकही अक्षर बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका पेनड्राइव्ह घेऊन काकूंच्या खुर्चीमागे उभे राहिले. बराच वेळ घसा खाकरून म्हणाले, "शकू, नवी आवृत्ती चढवू का?"

"न्हाई," काकू मागे न बघता म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. काकांनी पेनड्राइव्हवरचं कुंकू धोतराला पुसलं, तो खिशात टाकला आणि पत्रिकांच्या घड्या घालायला बसले.