विचारून पुसायच्या फायली

नेरच्या बसस्टँडसमोर चाचांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथला कॉम्प्युटर माझ्या हवाली होता. त्या वर्षांत कापसानं सगळ्या मुलखालाच दगा दिला होता. लग्नं साधी, फोटो थोडे, त्यामुळे नवी हार्डडिस्क घेणं जमेना आणि जुनी तर तुडुंब भरलेली.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एका ओळीत हुकूम सोडता येतो: दोन वर्षांपेक्षा जुन्या फायली शोध आणि सापडेल ती पूस. त्यातला एक शब्द बदलला, की तो प्रत्येक फायलीपाशी थांबून विचारतो, पुसू का? चाचांचा जीव या विचारणाऱ्या हुकमावर. "एकेकाले विचारून पूस, बेटा," म्हणायचे, "आपल्या दारी आलेले मानसं हायेत ते." मी नाव वाचायची, ते डोळे मिटून माणूस आठवत बसायचे. जिनिंग कारखान्यातली रुई दारातून तरंगत आत यायची, दुपार कुठे सरायची कळायचं नाही, आणि दिवसाकाठी जेमतेम वीस फायली हलायच्या. मला ते आवडायचं आणि चीडही यायची. मी मुळातच उतावळी.

एका दुपारी ते नमाजला गेले. मी तो शब्द पुन्हा न विचारणारा केला आणि एंटर दाबलं. नावं झरझर वर सरकत गेली. पेंगुळल्या डोळ्यांनी मी ती नुसती बघत राहिले.

चाचा आले, पडद्यावरची यादी वाचली आणि मटकन खुर्चीत बसले. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्यातलं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. ते कुणी लावत नसे, त्यामुळे कालचा फोटोही जुन्या तारखेचा निघायचा. मला हे ठाऊक होतं, ऐनवेळी आठवलं नाही. चाची गेल्या हिवाळ्यात वारल्या होत्या. त्याआधी अंगणात मिरच्या वाळवताना चाचांनी त्यांचा चोरून एक फोटो काढला होता. उभ्या जन्मात तेवढा एकच, आणि तोही त्या यादीत होता.

मी रडले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बऱ्याच दिवसांनी, अशाच एका दुपारी, त्यांनी विचारलं, "तू पाह्यला होता ना तो फोटो? ओढणी कोन्त्या रंगाची होती?"

मी ती फाइल कधी उघडलीच नव्हती.

"हिरवी," मी म्हणाले.

"हो, हिरवीच," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.