सत्काराच्या चहाला मी बोललो ते

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. ही मात्र अजून टोचते.

महाडात सायबर कॅफे नवे होते, त्या काळातली गोष्ट. पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीतली कबड्डीपटू राज्याच्या संघात खेळून परतली होती आणि गावात मुलींना शिकवत होती. एका सकाळी ती माझ्या पोलीस ठाण्यात आली. हातात प्रिंट होती. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथे कोणीही लिहू शकतं, तिच्या नावाचं पान होतं. शेवटचं वाक्य असं: सतराव्या वर्षी घरातून पळाली, पोलिसांनी पनवेलच्या एसटी स्टँडवरून परत आणली.

"चार पोरींच्या आयांनी सराव बंद केला, साहेब. अजून दोघी गेल्या की संघच नाय राहत."

"पण खोटं तर नाही ना ते?"

"खरं हाय. लगीन नको होतं म्हणून गेले होते. पण खरं हाय म्हणून ते सगळ्यांचं झालं का?"

मी अर्ज घेतला.

वाडीत सगळे समजत होते की ती मावशीकडे गेली होती. पनवेलचं ठाऊक होतं फक्त तिच्या बापाला, तो वारला होता, आणि पोलिसांना. म्हणजे आमच्यातलाच कोणीतरी फुटला. मी जुन्या हवालदारांना एकेक करून झापलं. मग कॅफेच्या मालकाने खबर दिली, एक निवृत्त मास्तर रोज येऊन तालुक्यातल्या नामवंतांची पानं लिहितात. रजिस्टरात त्यांची सही होती, अगदी सुवाच्य.

मास्तरांना बोलावलं. "कुठून कळलं?" त्यांनी पाणी मागितलं, चष्मा पुसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, तिच्या सत्काराच्या चहाला तुम्हीच सांगितलंत. सतराव्या वर्षी पळाली तेव्हा पनवेलच्या स्टँडवरून हिला मीच शोधून आणली होती म्हणून. मला ती कौतुकाची गोष्ट वाटली."

खरं होतं. नवा फौजदार असताना मीच तिला आणलं होतं, आणि त्या दिवशी चारचौघांत शेखी मिरवून ते विसरूनही गेलो होतो. मला भयंकर लाज वाटली.

मास्तरांनी लगेच कॅफेत जाऊन ते वाक्य काढलं. वरिष्ठ म्हणाले, "मिटलं ना? अर्ज फाईल करा." मी ऐकलं नाही. ठाण्यातली माहिती माझ्या तोंडून बाहेर गेली, अशी स्टेशन डायरीत माझ्याच नावाने नोंद घातली. मग वर्दीत त्या चारही घरी गेलो आणि दोष माझा आहे म्हणून सांगितलं.

एका आईने विचारलंच, "पण पनवेलचं खरं का खोटं?"

"ते विचारायचा हक्क तुम्हाला नाही, सांगायचा मला नाही. पोरीला मैदानावर पाठवताय की नाही, तेवढं बोला."

तिघी परत आल्या. चौथी आली नाही, ते माझ्या खात्यावर.

समोरच्याला बोलतं करायला आम्हाला शिकवतात. गप्प राहायला मला या केसने शिकवलं. ती कोण, असं लोक आजही विचारतात. इथे मी खेळ बदलला आहे, वाडी बदलली आहे, स्टँडही बदलला आहे. तरी कोणी शोधून काढलंच आणि माझ्या दारात आलं, तर माझ्याकडून 'हो' मिळणार नाही.