एकट्या माणसासाठी बढिया गाडी

मंडळी, इंदूरमध्ये कुणी स्वस्तातली इलेक्ट्रिक बाईक वापरत असेल तर सांगा. आज ऑफिस सुटल्यावर पलासियातल्या एका शोरूममध्ये जाऊन आलो आणि अजून काही ठरत नाहीये.

नोकरीसाठी साताऱ्याहून इथे येऊन दीड वर्ष झालं. रोजच्या रिक्षाचा कंटाळा आलाय. गाडी दिसायला बरी होती, म्हणून विचारलं की एका चार्जिंगमध्ये किती चालते. सेल्समनने मलाच उलट विचारलं, "भिया, पीछे कौन बैठेगा?"

"कोई नहीं."

"फिर तो ले ही लो! डबल सवारी में दम नहीं पकड़ती. अकेले आदमी के लिए बढ़िया है."

का कोण जाणे, मला रागच आला. म्हटलं, मग डबल सवारीच करून दाखवा. बिचारा स्वतःच मागे बसला.

पुलाच्या चढावर गाडी खरंच रडायला लागली. पण तो मागून सारखा बोलत होता. समोर खड्डा आहे, त्या कोपऱ्यावरची कचोरी खाल्ली का, गाडी घेतली की आधी खजरान्याच्या गणपतीला न्या. स्पीडब्रेकरवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शोरूम आलं तेव्हा मी म्हणालो, "एक राउंड और लगाएं?"

त्याला वाटलं, मला अजून पिकअपची शंका आहे.

आता तुम्हीच सांगा. एकट्यापुरती हीच घेऊन टाकू, की थोडं थांबून दोघांना ओढणारी घेऊ?