कानातलं पाणी

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या तोंडाची चव जाते. मी तेव्हा ठाण्यास फौजदार होतो. मी टेंभी नाक्यावर खाकरलो की कल्याणचे चोर घरं बदलत, असं लोक म्हणत. असं म्हणणाऱ्या कुणाला मीही अडवलं नाही.

खाडीवरल्या एका मिठागराच्या मुकादमाने वर्दी दिली: मजूर बांधावरून घसरून मिठाच्या वाफ्यात पडला, कानात पाणी गेलं, शुद्ध नाही. अपघाताची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी घेऊन एक कोळीण चौकीत शिरली.

"सायेब, तो पडला नाय. त्याला पाडला."

"कुणी?"

"वर्दी कोनी दिली?" एवढं बोलून ती गेली.

मजूर खोपटात कुशीवर पडला होता. उशाच्या फडक्यावर मधे रक्ताचा डाग आणि भोवती फिकट पाण्याचं कडं. कानात तेलाने भिजलेला कापसाचा बोळा. नाकातूनही पाणी ठिबकत होतं.

"तेल कुणी घातलं?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"मीच. मुकादम बोलले, कानान पानी गेलंय, लसणीचं तेल घाल, भायेर येल."

डोलीतून त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी बोळा काढला आणि कपाळाला हात लावला. "फौजदार, कवटीचं बूड तडकलंय. हे मेंदूभोवतालचं पाणी. ते वाहू द्यायचं असतं. यांनी घाण आत कोंडली."

मी फडकं पंचांसमक्ष जप्त केलं. मुकादमाचं उपरणं त्याच्याच वाफ्यात बुडवून उन्हात टाकलं आणि त्याला समोर बसवलं. तो घसरल्याची कथा पुराणिकासारखी सांगत राहिला. दुपारपर्यंत उपरणं असं ताठ झालं की ते उभं करून मुजरा करायला लावता आलं असतं. वर पांढरंशुभ्र मीठ. शेजारी मी फडकं ठेवलं. डागाळलेलं, वाळलेलं, पण मऊ.

"तुझ्या वाफ्याचं पाणी कानातून येत होतं ना? मग मीठ कुठं गेलं?"

मुकादमाने दोन्ही कापडं चाचपली. "तो उलट बोलला, साहेब. मीठ ओढायची फळी होती माझ्या हातात. हलकेच लावली."

फळी त्याच्या पडवीत सापडली, केसांसकट. मी मिशीला पीळ भरला. तिकडे इस्पितळात मजुराला ताप चढला, मान लाकडासारखी झाली आणि तो गेला.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने माझ्या उपरण्याच्या पुराव्याकडे पाहिलंही नाही. त्याने विधवेला उभं केलं. "तेल कोणी घातलं?"

"मुकादमांनी सांगितलं म्हणून..."

"घातलं कोणी?"

"मी."

मरण तेलाने आलं असावं, असा संशय धरून मुकादमाला नुसत्या मारहाणीची सजा झाली, तीही थोडक्या महिन्यांची.

तेव्हापासून जबानीत मी 'कुणी केलं' याच्याआधी 'कुणी करायला लावलं' हे लिहून घेत असे. वरचे साहेब ती ओळ खोडत. खरं शोधून काढणं माझ्या हाती होतं. ते कुणाच्या माथी बसेल, हे नव्हतं.

मुकादम सुटून परत कामावर आला. विधवा मिठागरावर काम मागायला हजेरीला गेली, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "नवऱ्याला मारणारी बाई आपल्या आगरात नको."