अकुशल वासंतीकाकू

आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात वासंतीकाकूंचा हात कुणाला ठाऊक नाही? बावीस वर्षं घरच्या मशीनवर ब्लाउज शिवले. समोरून बाई चालत आली की टेप लागत नसे, डोळ्यांनीच माप. गल्लीतल्या जयूच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला आणि नवरीच्या ब्लाउजचे हुक तुटले. काकू मागे जाऊन टाके घालू लागल्या, नि गुरुजी बिचारे एकावर एक मंगलाष्टकं म्हणत राहिले. पुण्याहून आलेल्या नवरदेवाला वाटलं, माळव्यात इतकी असतातच.

पण हल्ली गिऱ्हाइकं रेडीमेडकडे वळली, आणि काकांच्या नुसत्या पेन्शनीत भागेना. अशात टावर चौकातल्या साडीच्या शोरूममधून शिलाईच्या नोकरीचं पत्र आलं. पन्नाशीतली पहिली नोकरी. काकूंनी ते चष्मा लावून वाचलं आणि तशाच शेजारी श्रीधरभाऊंकडे गेल्या. भाऊ रेल्वेतले रिटायर बाबू.

"भाऊ, माझी तब्येत बिघडलीय असं यांना कुणी सांगितलं?"

"का हो वहिनी?"

"हे काय लिहिलंय, अकुशल? जन्मभर पत्रात आपण 'सर्व कुशल' लिहीत आलो."

भाऊंना हसता हसता ठसका लागला. "हे कलेक्टर रेटमधलं कुशल, वहिनी. सरकारनं ठरवलेली कमीत कमी मजुरी. हातात हुन्नर नाही तो अकुशल, त्याचा रेट खालचा. हुन्नर आहे तो कुशल, त्याचा वरचा. तुमचा पगार अकुशलाला बरोबर बसतो, कुशलाला कमी पडतो."

"म्हणजे मला काम येत नाही?"

"कागदावर तरी नाही."

आजारी म्हटलेलं काकूंनी सोसलं असतं. हे सोसवेना. पण भांडावं तर हातची नोकरी जायची.

"मग भांडू नका," भाऊ म्हणाले. "लिहिलंय तेवढंच करा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी शोरूमच्या सेठजींना एकदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "बहनजी, ये महीने की तनखा है, मजदूरी थोड़े ही है. इसमें रेट-वेट नहीं लगता."

"जी," म्हणत काकूंनी पदर खोचला. "झाड़ू किधर है?"

काकू कोपरान् कोपरा झाडत होत्या, तेवढ्यात देवासच्या मायलेकी आल्या. लेकीचा उद्या साखरपुडा, ब्लाउज दोन इंच ढगळ, आणि देवास गेटच्या स्टँडवरून चारची बस गाठायची.

"बहनजी, ज़रा मशीन पर बैठिए," सेठजी म्हणाले.

"मैं कैसे बैठूँ, सेठजी? आपने ही लिखा है, मैं अकुशल हूँ. कहीं बिगड़ गया तो?"

"अकुशल?" आई दचकली आणि ब्लाउजची घडी घालू लागली.

सेठजींनी घाईनं पेन काढलं. पत्रातला 'अ' खोडला.

"आँकड़ा भी," काकू म्हणाल्या.

आकडाही खोडला, कुशलाच्या रेटचा घातला.

"और दोनों जगह सही."

सही झाल्यावरच काकूंनी झाडू ठेवला. वीस मिनिटांत ब्लाउज अंगासरसा बसला, मायलेकींना बसही मिळाली. सेठजी खूश झाले.

"बहनजी, आप तो कुशल से भी ऊपर निकलीं."

"उसका भी रेट है, सेठजी. उच्च कुशल कहते हैं. लिख देंगे?"

सेठजींनी पेनला टोपण लावलं आणि ते आतल्या खिशात ठेवलं.