औषध न दिलेल्या पेशींची रांग

आमच्या गाईडसरांना शिडी फार आवडायची. शिडी म्हणजे जेलवर, त्या जेलीसारख्या पारदर्शक थरावर, उमटणारी. पेशी ठरल्या क्रमानं स्वतःला संपवते तेव्हा तिच्यातला डीएनए वड्या पाडाव्यात तसा मापात तुटतो. ते तुकडे विजेनं जेलमधून ओढले की दिव्याखाली एकाखाली एक नारिंगी पट्ट्या दिसतात. पेशी कशीही चिरडून मेली तर नुसता फरफटलेला डाग. एवढं समजायला फार डोकं लागत नाही, आणि सरांनी ते लावलंही नव्हतं.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी गुलबर्ग्यात पीएच.डी. करत होते. पांढऱ्या उंदरांच्या छातीतल्या ग्रंथीच्या पेशी घ्यायच्या, निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्या तशाच ठेवायच्या. औषधवाल्यांत शिडी दिसावी आणि बाकीच्यांत दिसू नये, यावर माझा सगळा प्रबंध उभा होता.

सरांनी प्रयोग नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला ठेवला, कारण पूजेला कुणी बडे साहेब येणार होते. प्रत्येक यंत्राला कुंकू लागलं. फ्रिजच्या दारावर झेंडूचा हार आडवा बांधला आणि पूजेआधी दार उघडायचं नाही असा हुकूम सुटला. थंडीत जायच्या पेशी टेबलावरच राहिल्या. भोवतालच्या बर्फाचं पाणी झालं. सर मात्र व्हरांड्यात हात जोडून उभे. साहेब दुपार कलल्यावर आले, नारळ फोडला, विज्ञानावर बोलले, पेढा खाल्ला आणि गेले.

संध्याकाळी जेल पाहिली तर औषधवाल्या आणि बिनऔषधाच्या, दोन्ही रांगांत शिडी. सर तरीही खूश.

"पोरी, फोटोतली ती दुसरी रांग कापून टाक की," ते म्हणाले. सर आमच्याच भालकीकडचे. "कोन इचारायलंय?"

"सर, औषध न दिलेल्या पेशी बी मेल्यात," मी म्हटलं. "औषधानं न्हाई, सायबाची वाट बघून मेल्यात. पुन्हा करू."

पुन्हा करणं सरांच्या रक्तात नव्हतं. ब्लेड घेऊन त्यांनीच रांग कापली, अर्धा फोटो परिषदेत मिरवला आणि शाल पांघरून परत आले. विज्ञानाची एवढी स्वस्त चेष्टा मी नंतर कुठे पाहिली नाही.

प्रबंधात तोच फोटो लावायचा होता. मी निगेटिव्हवरून नवा काढून अख्खा लावला. सरांनी शेवटपर्यंत सही केली नाही. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं. नावाआधी डॉक्टर लागलं नाही, याचं दुःख मला अजून आहे.